चंद्रीचं ऊन

९ फेब्रुवारी

नाल्याकडच्या तिन्ही पळसांना फुलं आली. रस्त्याकडच्याला अजून नुसत्या काळ्या कळ्या.

काल प्रयोगशाळेत मॅडम म्हणाल्या, "भाऊ, यंदाही पाच किलो लागतील." हे तिसरं वर्ष. पळसफुलांचा अर्क काढून त्या मलम करतात. उन्हाने कातडी वेळेआधी म्हातारी होते, डाग पडतात, सुरकुत्या येतात, ते लांबवायचं मलम. बावीस वर्षं यवतमाळच्या त्या कॉलेजात काचेची भांडी धुतली. पण वर्षातले हे पंधरा दिवस लोक मला विचारत येतात.

नियम तेच. जमिनीवर पडलेलं फूल नको. सावलीत वाळवायचं, उन्हाचा कवडसाही नको.

बहीण, चंद्री, सकाळपासून ओट्यावर फुलं निवडते आहे. एकेक फूल डोळ्याच्या वीतभर जवळ नेते, मग देठ तोडते. लांबचं तिला दिसत नाही, उजेडात तर डोळे नुसते हलत राहतात. जन्मापासूनच अंगात रंग नाही. केस अंबाडीच्या सुतासारखे, पापण्यासुद्धा पांढऱ्या. आईने म्हणून चंद्रकला नाव ठेवलं. गाव मेमसाब म्हणतं.

मघाशी म्हणाली, "भाऊ, गंमत पाय. फुलाले सावली पायजे, अन् त्याचंच औषध लावून मी उन्हात."

दोघंही हसलो.

१२ फेब्रुवारी

चं.च्या उजव्या कानामागे खपली दिसली. विचारलं तर म्हणे तुराटी लागली. तूर सोंगून महिना होऊन गेला.

सौ. चुलीजवळून म्हणाली, "दिवाळीपासून हाय ते. उशीच्या खोळीले डाग पडते. तुमची बहीण हाय, तुमीच इचारा."

हळद-तेल लावलं.

१६ फेब्रुवारी, संकष्टी

कळंबला चिंतामणीकडे जाऊन आलो. पायऱ्या उतरून खाली गेलं की बाहेरचा आवाज बंद होतो. तिथे बसलो की मला नेहमी वाटतं, आपलं म्हणणं ऐकू जातं.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात इथेच चिठ्ठ्या केल्या होत्या. प्रयोगशाळेच्या कपाटात दोन बरण्या होत्या, एक नंबर आणि दोन नंबर. एकीत पळसाचं मलम. दुसरीत नुसतंच, अर्क नसलेलं, तुलना करायला. दिसायला दोन्ही सारख्या केशरी, रंग मुद्दाम मिसळलेला. कशात काय ते फक्त मॅडमच्या वहीत. काम झालं की उरलेलं टाकून द्यायचं असतं, आणि टाकायचं काम माझं. मी टाकलं नाही. चंद्रीसाठी ठेवलं.

मॅडमना विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या. मग देवाला विचारलं. दोन कागद, सारखी घडी. डोळे मिटून एक उचलला. "एक" निघाला. पुढच्या वर्षीही उरलेली एक नंबरच आणली.

आमच्या घरी सगळं असंच ठरत आलं. विहीर कुठे खोदायची ते. बाबांच्या पायाचं ऑपरेशन करायचं की नाही ते. सौ.चं स्थळही चिठ्ठीनेच. ती अजून ऐकवते, "माह्या चिठ्ठीसोबत दुसरी कोनाची होती ते तरी सांगा."

चं. त्या दिवशी वर, दारापाशी, वाती विकायला बसली होती. डोक्यावरून पदर, त्यावर टॉवेल.

आज खपलीसाठी दुर्वा वाहिल्या.

२३ फेब्रुवारी

रविवार. कापसाची शेवटची वेचणी. बोंडं थोडीच, पण बाया चार. चं. त्यांच्यात, तोंड उघडं, अर्ध्या बाहीचं पोलकं. तांड्यावरची सोनीबाई तिच्या शेजारच्या ओळीत. दोघींची जोडी. एक बोलते, दुसरी तोडते.

सोनीबाई: "अवो मेमसाब, तुह्या डबीतलं बोटभर मलेबी लाव ना. माह्या नवऱ्यानं वीस वर्षांत माह्या तोंडाकडे पाह्यलं नाही."

चं.: "मंग त्याच्या डोळ्याले लावा लागते. तोंडाले लावून काय फायदा?"

बाया हसून हसून बांधावर बसल्या.

मला तो पहिला दिवस आठवला. त्याआधी एकोणचाळीस वर्षं चं. दिवस उगवण्याआधी बाहेर पडायची, नाहीतर मावळल्यावर. मधला दिवस ओट्यावर, आत सरकत जाणाऱ्या सावलीबरोबर आत सरकत. वाती वळायच्या. कुठे जायचंच पडलं तर बाबांचा जाड खादीचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं, डोक्याला टॉवेल. शाळा तिसरीत सुटली. फळा दिसत नव्हता, आणि शाळेच्या रस्त्याला झाड नव्हतं.

मलमाची डबी दिली तेव्हा मी म्हणालो होतो, "आता उघडी जा. काही होत नाही." शब्द माझेच. तिने बाबांचा शर्ट काढून काट्याच्या कुंपणावर टाकला आणि बायांबरोबर गेली. शेताच्या धुऱ्यावरून चालताना एकदा थांबली आणि हात पुढे करून पाहत राहिली. स्वतःचाच हात.

आज मात्र पाहिलं. तिच्या नाकावर, गालांवर तपकिरी ठिपके, हातांची कातडी वाळल्या चामड्यासारखी. सोनीबाई तिच्याहून दहा वर्षांनी मोठी. मोठी कोण ते ओळखू येणार नाही.

४ मार्च

काल उशीवर रक्त. आज रजा टाकून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. कानामागचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तीन टाके.

"उन्हात काम करता?"

चं. अभिमानाने, "हो. पन मले काही होत नाही. भाऊचं औषध हाय ना."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कोणतं औषध?"

मी म्हणालो, झाडपाल्याचं, घरगुती.

पुढे काही विचारलं नाही त्यांनी. एवढंच म्हणाल्या, "रिपोर्ट येईपर्यंत यांना उन्हात नेऊ नका. अजिबात." मॅडम फुलांबद्दल बोलतात त्याच शब्दांत.

येताना बसमध्ये चं. म्हणाली, "बाई चांगली होती. हात हलका हाय." मग, "भाऊ, मलम सरत आलं. उन्हाळा तोंडावर आला."

हो म्हणालो.

१४ मार्च, धुळवड

मॅडमची पाच किलो फुलं सावलीत वाळून पोत्यात भरली. उरलेल्या ओल्या फुलांचा सौ.ने रंग उकळला. सोनीबाई सकाळीच येऊन चं.च्या हातांवर तांब्या ओतून गेली. पांढरे हात कोपरापर्यंत केशरी. धू म्हटलं तर, "राहू दे. एक दिवस तरी रंगाची दिसीन."

ओट्यावर बसून होती, सावलीत. बाहेर यायला दोनदा उठली. मी नाही म्हणालो.

१९ मार्च

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. कातडीचा. शब्द एकदा लिहिला, पुन्हा लिहिणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाल्या, अशा माणसांच्या कातडीला उन्हापासून आडोसाच नसतो. लहानपणापासून झाकून ठेवलं तर निभतं. मानेत गाठ लागते आहे, म्हणजे पुढे सरकलं आहे. नागपूरला न्या.

मी विचारलं, दोन वर्षांत एवढं होतं का.

"दोनच वर्षांत असं म्हणता येत नाही. आधीचंही असेल. पण या दोन वर्षांत झाकलं नसेल, तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला उपकार वाटला.

चं.ला सांगितलं गाठ आहे, नागपूरला दाखवायचं. तिने डोकं हलवलं. ती मूर्ख नाही.

२० मार्च

मॅडमना सगळं सांगितलं. प्रयोगशाळेचं दार लावून घेऊन. उरलेलं मलम, डबी, दोन उन्हाळे, बहीण. त्या आधी रागावल्या, "भाऊ, तपासणी पुरी न झालेलं औषध तुम्ही माणसाला लावलंत?" मग बहिणीचा जन्माचा रंग ऐकला आणि खाली बसल्या.

"कोणती बरणी?"

"एक नंबर."

त्यांनी जुनी वही काढली. पान उलटलं. बोट ठेवलं. वाचून दाखवलं नाही, वही माझ्याकडे फिरवली.

एक: नुसतं मलम. दोन: पळस.

दोन्ही वर्षी तेच.

मी उभाच. त्या म्हणाल्या, "पण ऐका. दोन नंबर असती तरी हेच झालं असतं. हे मलम तुमच्या-माझ्या कातडीसाठी आहे, जिच्यात रंग आहे. सुरकुती चार वर्षं उशिरा यावी एवढाच त्याचा जीव. त्यांना त्याने काय होणार? त्यांना लागतं कापड. जाड, पूर्ण बाह्यांचं."

"म्हणजे बाबांचा शर्ट."

"काय?"

"काही नाही."

निघताना म्हणाल्या, "मला एकदा विचारलं का नाही तुम्ही?"

बावीस वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं सगळं मी ऐकलं. विचारायचं असतं हे कधी मनात आलं नाही. नोकरीचं पुढे काय ते त्या बोलल्या नाहीत.

२१ मार्च

काही नाही.

२३ मार्च

सौ.ला विचारलं, बाबांचा शर्ट कुठे आहे. म्हणाली, "त्याचं पोतेरं केलं मी मागच्या साली. काहून?"

सकाळची पूजा केली. नुसते हात करत होते.

देवाने चुकीची चिठ्ठी दिली असं म्हणवत नाही. दोन्ही चुकीच्याच होत्या. बरोबर होती ती तिसरी, आणि ती मी लिहिलीच नव्हती. मग देवाने काय करायचं होतं? हात धरायचा होता? पण मी डोळे मिटून घेतले होते, हेही खरं.

एवढं लिहूनही मन शांत होत नाही. देवावरचा राग असता तर बरं झालं असतं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंबाची पानं, साखरेची गाठी. चं. ने गाठीचा पहिला तुकडा मला दिला. दर वर्षी देते.

मग आत जाऊन आरशासमोर डबी घेऊन बसली. तळाशी राहिलेलं बोटाने खरवडून गालांना, मानेला, टाक्यांची जागा वाचवून कानामागे. आरसा नाकाला टेकेल इतका जवळ. मी दारातून पाहत होतो. आज सांगायचं ठरवलं होतं.

"संपलं पाय," डबी दाखवत म्हणाली. "नवीन कधी आनशीन?"

सांगितलं नाही. सणाचा दिवस म्हणून, असं स्वतःला सांगितलं. उद्या कोणता सण आहे?

७ एप्रिल

नागपूर. मोठा दवाखाना, मोठी रांग. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. दोन रस्ते आहेत म्हणाले.

एक, ऑपरेशन. कान जाणार. मानेतल्या गाठी काढायच्या, मांडीची कातडी काढून तिथे लावायची. चेहऱ्याची एक बाजू ओढली जाऊ शकते, तोंड वाकडं होऊ शकतं.

दोन, नुसता शेक. मशीनचा. दीड-दोन महिने नागपुरात राहून. कान राहील. पण आजार मुळातून जाईल याची आशा कमी.

"पहिल्यानं पक्कं बरी होईन का?" चं. ने विचारलं.

"पक्कं कोणीच सांगणार नाही, ताई. पुढे सरकलेलं आहे. पहिल्याने संधी थोडी जास्त, एवढंच."

एकवीस तारखेला ठरवून या म्हणाले. बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला. नागपूरचं ऊन पांढरं, तिला पायरीसुद्धा दिसेना.

१० एप्रिल

सांगितलं.

दुपार. ओट्याच्या आत, भिंतीशी, ती वाती वळत होती. सौ. पाण्याला गेलेली. मी समोर बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. दोन बरण्या. चिठ्ठ्या. मॅडमची वही. डबीत पळस नव्हताच, आणि असता तरी उपयोग नव्हता. शर्टाचं. तिचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर चार वाती आणखी झाल्या.

"चिठ्ठी कोनं काढली?"

"मी."

"कुठं?"

"चिंतामणीपाशी. खाली."

"मी कुठं होती तवा?"

"वर. वाती विकत."

"त्या पायऱ्या चढून यायले कितीक वेळ लागते गा भाऊ?"

मी सांडलेला कापूस गोळा करू लागलो.

"हाक तरी मारा लागत होती. कातडी माही होती ना?"

मग वाती टोपलीत भरल्या, टोपलीवर फडकं बांधलं आणि आत गेली. रडली असती तर मी पाया पडलो असतो. तिने ती जागाही ठेवली नाही.

१३ एप्रिल

बोलत नाही. सौ.मार्फत बोलते. "वहिनी, त्याले म्हना जेवून घे."

डबी घासूनपुसून सौ.ला देऊन टाकली, मीठ ठेवायला. जेवताना ती माझ्या ताटाशेजारी असते.

सोनीबाई भल्या पहाटे येते, दोघी मोह वेचायला जातात. झाडाखाली पडलेली मोहाची फुलं पांढरट, चं.ला हाताने चाचपून सापडतात. दिवस वर येण्याच्या आत घरी. पुन्हा दोन वर्षांपूर्वीसारखं. आज कुडापलीकडून ऐकू आलं.

सोनीबाई: "नको ना इतकं मनावर घेऊ. भावानं चांगल्यासाठीच केलं."

चं.: "चांगल्यासाठी केलं म्हनूनच त राग कुठं ठेवू ते समजून नाही राह्यलं."

१५ एप्रिल

मॅडमनी दुकानातलं मलम दिलं. उन्हासाठी डॉक्टर लिहून देतात तसलं, कागदपत्र असलेलं. वर एक रुंद काठाची टोपी. म्हणाल्या, "बहिणीला सांगा, मी पाठवलं. हे झाकण्याच्या जोडीला. झाकण्याऐवजी नाही." दोनदा म्हणाल्या.

फुलांच्या पोत्याबद्दल विचारलं. घरीच पडलं आहे. "असू द्या सध्या," म्हणाल्या.

घरी चं.समोर मलम ठेवलं. पाच दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"हे कोनत्या नंबरचं हाय?"

सौ.ला हसू आवरलं नाही, मग तिने पदर तोंडाला लावला आणि डोळे पुसले. टोपी चं. ने घेतली. मलम फळीवर तसंच आहे.

१६ एप्रिल, संकष्टी

उपास. कळंबला गेलो. पायऱ्यांवर बसून, खिशातल्या पावतीच्या कोऱ्या बाजूचे दोन तुकडे केले. एकावर ऑपरेशन लिहिलं, एकावर शेक. घड्या घातल्या. हाताने आपसूक केलं. समोर ठेवणार, तेव्हा वर दारापाशी कोणीतरी वाती घ्या म्हणून ओरडलं. म्हातारी होती कोणीतरी.

चिठ्ठ्या तशाच खिशात घालून घरी आलो.

संध्याकाळी चंद्रोदयाची वाट पाहत अंगणात बसलो होतो. ती ऊन गेल्यावर बाहेर येते, तशी आली. मी चिठ्ठ्या तिच्यापुढे धरल्या. म्हणालो, "काढली नाही. तू काढ."

तिने दोन्ही घेतल्या. उघडल्या. डोळ्याजवळ नेऊन, अक्षराला अक्षर लावून मोठ्याने वाचल्या, तिसरीतल्या मुलीसारख्या. "आ-प-रे-शन." "शे-क." मी ऑपरेशनच लिहिलं होतं. मग पुन्हा घड्या घातल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

"असं डोळे मिटून नाही काढत मी. ठरवीन."

"डॉक्टरांनी सांगितलं संधी..."

"मीबी तिथंच बसली होती भाऊ. ऐकू येते मले."

चंद्र उशिरा आला. तिला तो दिसत नाही, उजेडाचा डाग दिसतो म्हणते. हात जोडले तिनेही. काय मागितलं विचारणार होतो.

१८ एप्रिल

ऊन फार. कौलं तडकतात. दुपारी आम्ही तिघं आत बसून होतो, दार लावून. सौ. ज्वारी निवडत होती. चं. एकाएकी म्हणाली, कोणाला उद्देशून ते कळलं नाही:

"पयल्या दिवशी धुऱ्यावर मी हात पाह्यला होता. माहा हात उन्हात कसा दिसते ते मले मालूमच नव्हतं. चमकत होता."

सौ. म्हणाली, "आता कायले ते."

"कायले म्हंजे? दोन उन्हाळे मी पन बायांसारखी वावरात गेली. ते खोटं नव्हतं. औषध खोटं होतं."

मला वाटलं ती मला माफ करते आहे. वर पाहिलं, तर तसं काही नव्हतं. ती फक्त हिशेबात चूक होऊ देत नव्हती, दोन्ही बाजूंनी.

२० एप्रिल

पिशवी भरली. दोन लुगडी, चादर, रिपोर्ट, तांब्या. देव्हाऱ्यातला अंगारा सोबत ठेवू का विचारलं. विचारलं, ठेवला नाही आधी. म्हणाली, "ठेव. त्याचं काय चुकलं?"

माझा एक जुना जाड शर्ट तिने सौ.कडून मागून घेतला. बाह्या लांब होतात, दुमडून टाके घातले.

काय ठरवलं विचारलं नाही. पदराची गाठ तशीच आहे. ते लुगडं चार दिवस धुवायलाही टाकलं नाही तिने.

२१ एप्रिल

नागपूरच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितो आहे.

पहाटेची बस धरली. सोनीबाई फाट्यापर्यंत आली होती, मोहाच्या फुलांचे लाडू फडक्यात बांधून. म्हणाली, "मेमसाब, कान नसला तरी चालते. ऐकून कोनाचं चांगलं झालं?" चं. हसली. हसताना कानामागे दुखतं, तिथे हात गेला.

बसमध्ये मी नेहमीसारखा उजवीकडच्या बाकाकडे वळलो. तिने बाही ओढली. "डावीकडं बस. वर्ध्यापर्यंत ऊन उजवीकडून येते." टोपी, रुमाल, शर्ट, मोजे. डोळे तेवढे दिसत होते, तेही मिटलेले. बाहेर पळस संपले होते, नुसती पानं फुटलेली.

देवळी गाव मागे पडल्यावर शेवटी विचारलं. "काय ठरवलं चंद्रे?"

"डॉक्टरले सांगीन."

"मला..."

"तुलेबी सांगीन. मंग."

दवाखान्यात पोचल्यावर रांगेतच तिने पदराची गाठ सोडली. दोन्ही चिठ्ठ्या काढल्या. एक परत बांधली. दुसरी मुठीत ठेवली. कोणती कोणती, मला दिसलं नाही. घडी सारखीच. मीच घातलेली.

मघाशी नाव पुकारलं. मी उठलो, पिशवी उचलली. तिने माझ्या छातीवर हात ठेवला, लहानपणी मी तिला रस्त्याच्या कडेला थांबवायचो तसा.

"तू इथं थांब."

"तुला आत दिसणार नाही. खुर्ची कुठे, डॉक्टर कुठे..."

"इचारीन."

गेली. पिशवी खांद्याला, दाराची चौकट हाताने चाचपली, मग आत. दार लागलं आहे. अंगाऱ्याची पुडी माझ्याच खिशात राहिली. रांगेतला माणूस म्हणतो सरका थोडं पुढे. मी त्याला म्हणालो, तुम्ही व्हा, मला इथेच थांबायला सांगितलं आहे.